बाहेर उजेडात बघून घ्या

कल्याणच्या पुढे, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात रंगाबद्दल ठाम मत नसलेला माणूस सापडणं कठीण. कुणाचा मामेभाऊ एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात, कुणाचा शेजारी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचकडे जीन्सच्या वॉशिंगमध्ये, कुणाची वहिनी कॅम्प नंबर दोनच्या कापडबाजारातून साड्या आणून घरी विकणारी. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं अंबरनाथला शेड तपासण्यात घालवली. आमच्याकडे डाइंग मास्टर होते. कापडाचा तुकडा हातात घेऊन ते उत्तरेच्या खिडकीपाशी जायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, ‘‘लालात गेलाय.’’ मग पन्नास किलोचा लॉट पुन्हा रंगाच्या हौदात. मास्टरांना कुणी उलट विचारत नसे. विचारलंच तर ते खिडकी दाखवायचे.

निवृत्तीनंतर एका बंद होणाऱ्या प्रयोगशाळेच्या सामानातून मला तळहातावर मावणारा एक काळा डबा स्वस्तात मिळाला. स्पेक्ट्रोमीटर. ह्यांनी तो उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, ‘‘हा करतो काय?’’ ‘‘रंग मोजतो,’’ म्हटलं. ‘‘दिसत नाहीत का तुला?’’ एवढं बोलून हे पेपर वाचायला गेले. प्रश्न तसा चुकीचा नव्हता.

पूर्वी हे यंत्र टेबल अडवून बसायचं आणि त्याला हात लावायचा तर साहेबांची सही लागायची. १९९२ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये समुद्राच्या पाण्याची आम्लता मोजू पाहणाऱ्या मंडळींना पाण्यात सोडता येईल असा छोटा स्पेक्ट्रोमीटर हवा होता. बाजारात तसा नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवला, आणि या छोट्या डब्यांची पिढी सुरू झाली. आत बघण्यासारखं फारसं नाही. केसाच्या निम्म्याहूनही अरुंद अशी एक फट, दोन आरसे, बारीक रेघा आखलेली एक ग्रेटिंग आणि २०४८ टिकल्यांची एक सेन्सरपट्टी. असल्या पट्ट्या मुळात बारकोड आणि कागद वाचणाऱ्या यंत्रांसाठी निघालेल्या. उजेड आत येतो तो काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून. यंत्र टेबलावर बसून राहतं आणि बघायला फायबर जातं.

या फायबरचे मात्र नखरे असतात. टोकाला बोट लावायचं नाही. पेच हातानेच आवळायचा, पक्कड घेऊन त्याच्यावर बसायचं नाही. फार वाकवायचं नाही. आणि मोजमाप सुरू झालं की हलवायचं तर अजिबातच नाही, कारण वळण बदललं की येणारा उजेड बदलतो आणि मघाशी तुलनेसाठी घेतलेला पांढऱ्याचा हिशेब वाया जातो. आमच्या कामवाल्या मावशींना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फायबरची छान गुंडाळी करून, रबर लावून, ते फ्रीजवर ठेवून दिलं.

जोडणी झाली की रंग मोजायच्या आधी काळोख मोजायचा. तोंड बंद केलं तरी यंत्र शून्य दाखवत नाही. सेन्सर स्वतःच्या उष्णतेनेच थोडंफार काहीतरी दाखवत राहतो, आणि बदलापूरच्या मे महिन्यात तर बरंच दाखवतो. म्हणून काहीच दिसत नसताना तो काय बडबडतो ते आधी नोंदवून घ्यायचं आणि पुढच्या प्रत्येक उत्तरातून वजा करायचं. अशी सोय माणसांच्या बाबतीत असती तर आमच्या सोसायटीच्या सभा दहा मिनिटांत आटोपल्या असत्या. काळोख मिळवणं सोपं वाटतं, पण नसतं. दार लावलं तर फटीतून उजेड, पडदा ओढला तर लॅपटॉपचा उजेड, आणि वीज गेली म्हणून आनंद व्हावा तर समोरच्या बिल्डिंगीतले इन्व्हर्टर लगेच लागतात.

मग पांढरं, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे रंग ताडून बघायचे ते. कोऱ्या कागदावर कधी विश्वास ठेवू नये. कागदात आणि धुतलेल्या शर्टात चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड गिळून निळसर उजेड बाहेर टाकतात. परिणामी उन्हात मोजलं तर कागद त्याच्यावर पडलेल्या निळ्यापेक्षा जास्त निळा परत करतो, म्हणजे शंभरातले एकशे पाच मार्क. प्रयोगशाळेत यासाठी महागडी पांढरी चकती मिळते. मी प्लंबरची टेफ्लॉन टेप घेतली, घड्यांवर घड्या घालून जाड केली आणि तीच वापरते. वस्तू तीच, चकतीच्या आणि टेपच्या किमतीत मात्र जमीन-अस्मान.

खरी गंमत कॅलिब्रेशनमध्ये आहे. यंत्राला तरंगलांबी माहीतच नसते. उजेड ७०० नंबरच्या टिकलीवर पडला की १२०० नंबरच्या, एवढंच त्याला कळतं. कुठला नंबर म्हणजे किती नॅनोमीटर, हे आपण शिकवायचं. अंबरनाथच्या फलाटावर रोजच्या बायका ज्या हिशेबाने उभ्या राहतात तोच हिशेब: चहाच्या टपरीसमोर लेडीजचं पहिलं दार येतं, पुलाच्या जिन्यापाशी फर्स्ट क्लासचा डबा संपतो. अशा चार-सहा खुणा पक्क्या असल्या की मधलं प्रत्येक दार कुठे येणार हे आपोआप कळतं. इथे मधली दारं एक त्रिघाती समीकरण काढून देतं. त्यात चार आकडे असतात, म्हणून खुणा निदान चार हव्यात, जास्त असल्या तर बरं. आणि मोटरमनने गाडी चार हात पुढे नेऊन थांबवली की सगळ्याच खुणा चार हात सरकतात, तसं दुपारच्या उकाड्यात यंत्राचं होतं. ते तापलं की रेघा जराशा सरकतात. हा सरकाव अर्ध्या नॅनोमीटरचा असला तरी त्याला लहान म्हणता येत नाही.

खुणा पुरवायला पारा आणि निऑन यांच्याइतके सरळमार्गी कुणी नाहीत. पाऱ्याची वाफ पेटली की ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरवर उजेड देणार म्हणजे देणारच, मग ती जर्मनीत पेटो की बदलापूर पूर्वेला. त्यासाठी खास दिवा मिळतो, पण माळ्यावर टाकलेला जुना सीएफएल बल्बही पुरतो, त्याच्या पोटातही पाराच. फक्त त्याच्या सगळ्या रेघांवर भुलायचं नाही. ६११ जवळचा तांबडा सुळका सगळ्यांत दिमाखदार दिसतो, पण तो पाऱ्याचा नाही, आतल्या पावडरीतल्या युरोपियमचा. ५४६ च्या अंगालाही टर्बियम खेटून उभा असतो, तेव्हा नेमकी कुठली रेघ धरली ते नीट बघावं लागतं. निऑन तर घरोघरी असतो: इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला तो नारिंगी ठिपका. ५८५.२, ६४०.२, ७०३.२ अशा त्याच्या रेघा. उजेड इतका मिणमिणता की यंत्राला दोन-तीन सेकंद डोळे लावून बसावं लागतं. तेवढा वेळ ह्यांनी सॉकेटमध्ये टेस्टर धरून ठेवला, अंगठा टोपणावर, मान ताठ. ‘‘जरा हलू नका,’’ म्हटलं. ‘‘फोटो काढतेयस का?’’ म्हणाले. रेघा मात्र सुरेख आल्या.

सीएफएल आणि जुन्या ट्यूबलाइटची आणखी एक खोड इथे कळली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे पट्टीवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते नि मंदावते. यंत्राला दहा मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दिला तर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळतं. वीस, चाळीस, शंभर असा वेळ द्यावा, उत्तर स्थिरावतं. फार वेळ देऊनही चालत नाही. आकडा ६५५३५ या कमाल मर्यादेला टेकला की सुळक्याचं डोकं सपाट होतं आणि तिथून पुढे सगळं खोटं.

खुणा बसल्या की तपासायला आकाश आहेच. गॅलरीतून फायबर ढगांकडे रोखलं की सूर्याच्या उजेडातल्या काळ्या रेघा दिसतात. फ्राउनहोफरने १८१४ पासून नोंदवलेल्या त्याच. ४८६ आणि ६५६ वर हायड्रोजन, ७६० वर मात्र आपल्याच हवेतला ऑक्सिजन. पाऱ्या-निऑनवर शिकवलेलं यंत्र ऑक्सिजनला बरोबर ७६० वर दाखवतं की नाही, ही परीक्षा. पावसाळ्यात तर ७२० जवळ हवेतल्या बाष्पाचा खड्डा चांगलाच खोल होतो. जुलैत बदलापुरात खड्डा पडला यात शेजाऱ्यांना नवल वाटलं नाही.

सूर्याच्या उजेडाची ही फोड करण्याचा आपल्याकडचा इतिहास मोठा मानाचा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत स्पेक्ट्रोस्कोप रोखून बसले होते. पुढे २२ जानेवारी १८९८ ला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नेगमवाला यांनी ग्रहणकाळातल्या वर्णपटाचे फोटो घेतले. जेऊरला तेव्हा अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचेही लोक उतरले होते. एवढी अवजड दुर्बिणींची वरात, तंबू, काचेच्या फोटोप्लेटा, आणि खग्रास किती वेळ, तर दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात कुणाला शिंक आली असती तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हात बसल्यावर मी एका दुपारी वालधुनीचं पाणी बाटलीत भरून आणलं. ही तीच नदी, जिच्या काठावर अंबरनाथचं १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर उभं आहे, आणि जी पुढे उल्हासनगरातून जाताना कधी निळी, कधी जांभळट, कधी सांगता येणार नाही अशी होते. पाणी गाळून घेतलं, चौकोनी काचेच्या नळीत भरलं, मागून दिवा, पुढून फायबर. त्या दिवशीचं पाणी निळसर होतं, म्हणजे नारिंगी-तांबडा उजेड गिळणारं, आणि आलेखात ६०० च्या पुढे एक ऐसपैस फुगवटा. इथवर ठीक. पण कापडधंद्याच्या सांडपाण्याला रंगाची जी मर्यादा आहे ती प्लॅटिनम-कोबाल्टच्या मापात आहे, १५० एकक. हे माप १८९२ साली ॲलन हेझन यांनी काढलं ते पालापाचोळ्याने पिवळट झालेल्या पिण्याच्या पाण्यासाठी. त्याचा मानक द्रवही पिवळाच. यंत्रावर ते मोजतात ४५० ते ४६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे पिवळं पाणी जिथे उजेड गिळतं तिथे. निळं पाणी तिथे उजेड बिनबोभाट जाऊ देतं. माझ्या बाटलीचंही तसंच झालं: ६०० ला डोंगर, ४५५ ला जवळजवळ सपाट माळ. त्याच एका ठिकाणी विचारलं असतं तर नदीने आपण फारशा रंगीत नाही असंच सांगितलं असतं. नदी खोटं बोलत नव्हती. तिला प्रश्नच सोयीचा विचारला होता.

मास्टर खिडकी का दाखवायचे, ते मला आकड्यांत दिसलं ते ट्यूबखाली. सूर्याचा उजेड सगळीकडे भरलेला असतो, ट्यूबचा तीन-चार सुळक्यांवर उभा. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं सुळक्यांपाशी सारखी वागली की ट्यूबखाली जुळी दिसतात आणि उन्हात गेली की सावत्र. कारखान्यात याला मेटामेरिझम म्हणतात. त्यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते, एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या ट्यूबचा, एक पिवळ्या बल्बचा, आणि प्रत्येक नमुना तिन्हींखाली पास व्हावा लागतो. पण ही पेटी कुणी बांधायच्या कितीतरी आधीपासून मॅचिंग सेंटरवाले बायकांना सांगत आलेत, ‘‘बाहेर उजेडात बघून घ्या.’’ मग पायरीवर दोन जावा, एकीच्या हातात साडीचा पदर, दुसरीच्या हातात रुबियाचा तुकडा, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत थांबलेला.

जावेच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिची मोरपिशी साडी माझ्याकडे आली. ‘‘एवढं यंत्र आहे ना तुमच्याकडे, मग ब्लाउजपीस काढूनच द्या, ताई.’’ मीही जिद्दीला पेटले. पदर टेफ्लॉनसमोर मोजला, मग दुकानातून नमुन्याला आणलेले चार तुकडे मोजले, फायबर पंचेचाळीस अंशांत धरून, जरीची चमक टाळून. त्यातला एक तुकडा पदराशी इतका जुळला की आलेख एकमेकांवर बसले. तो तुकडा आणि आलेखाचा छापील कागद घेऊन मी उल्हासनगरच्या त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या सिंधी काकांनी चष्मा वर केला, कागद सावकाश पाहिला आणि माझ्याकडे आदराने बघितलं. वाटलं, जिंकलो.

‘‘आकडा बरोबर असेल, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘पण लग्न सकाळचं का रात्रीचं?’’

‘‘रात्रीचं. रिसेप्शन आठला.’’

‘‘हॉल एसी? वर एलईडी?’’

मी मान हलवली. त्यांनी माझा जुळलेला तुकडा नीट घडी करून बाजूला ठेवला आणि मागच्या फळीवरून दुसराच काढून माझ्या पुढ्यात टाकला.