सुरीचे प्रकरण

ज्या गावच्या घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे आणि जेथे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत पटवर्धनांचा अंमल होता, त्या कुरुंदवाडात शस्त्रास्त्रांची पारख नागरिकांच्या रक्तातच उतरत असावी, असा परगावच्या लोकांचा एक समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की आमच्या घराण्यात वंशपरंपरेने उतरलेले एकमेव शस्त्र म्हणजे एक पितळी अडकित्ता असून, त्याने सुपारीखेरीज अन्य कोणाचे मस्तक धडावेगळे केल्याची नोंद कोणत्याही दप्तरी सापडत नाही. तथापि आमच्या भाच्यांचा समज हा असा परगावच्या लोकांचा आहे. ते पुण्यास संगणकाच्या नोकरीत असतात, आणि पाच दिवस खुर्चीवर बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून उरलेले दोन दिवस सह्याद्रीच्या कडेकपारीत घेतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा दूरध्वनी आला.

"मामा, मला एक सर्व्हायव्हल नाइफ हवाय. तुमच्याकडचे लोहार नावाजलेले आहेत ना?"

"काय कापायचं आहे?"

"तसं काही ठरलेलं नाही. प्रसंग येईल तसं."

तहसील कचेरीत अव्वल कारकुनीत हयात घालविलेल्या मनुष्यापुढे 'प्रसंग येईल तसे' हे प्रयोजन ठेवणे म्हणजे त्याचा अंत पाहणे होय. प्रयोजनाचा रकाना रिकामा असलेला अर्ज आम्ही कधीही दाखल करून घेतलेला नाही. परंतु अर्जदार बहिणीचा मुलगा असला म्हणजे सरकारी शिस्त दोन पावले मागे सरते. म्हणून तपशील मागविला, आणि तो असा काही आला की एखाद्या धरणाच्या निविदेनेही खाली मान घालावी.

सुरी मिटणारी नसावी, कारण जेथे बिजागरी तेथे दुबळेपणा. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेले असावे. पाते चार-पाच इंचांचे. त्याची पाठ काटकोनात घासलेली, म्हणजे तिच्यावर गारेसारखी कांडी ओढून ठिणगी पाडता येते. आणि जाडी इतकी, की पाठीवर दांडक्याने ठोकून वाळले लाकूड चिरता यावे. हे सर्व, मला कबूल केले पाहिजे, अत्यंत समंजसपणाचे होते. स्टॅलोनसाहेबांच्या १९८२ सालच्या चित्रपटातील तो सुप्रसिद्ध सुरा, ज्याच्या पोकळ मुठीत काड्या, सुई, दोरा इत्यादी प्रपंच मावतो, तोही भाच्यांनी विचारान्ती बाद केला होता. कारण मूठ पोकळ केली की पोलाद मुठीच्या उंबऱ्यापाशीच संपते, आणि मग नेमक्या आणीबाणीच्या क्षणी पाते एका हाती व सुई-दोरा दुसऱ्या हाती राहतो. शेवटचे कलम मात्र गूढ होते: 'काठिण्य ५६ ते ५८ रॉकवेल.'

आता प्रकरण कायद्याच्या बाजूने तपासणे मला क्रमप्राप्त होते. शस्त्र अधिनियम १९५९ मधला. त्याखालील नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी तलवार, भाला व संगीन यांच्या पंगतीस बसविली आहे, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी घडविलेल्या हत्यारांना त्या पंगतीतून उठविले आहे. यास्तव आमच्या शिरोळ तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे हातभर कोयते घेतलेली माणसे दिवसाढवळ्या हमरस्त्याने फडाकडे जातात आणि शांततेचा यत्किंचितही भंग होत नाही. भाच्यांची सुरी साडेचार इंचांची. ती या तडाख्यातून सुटली. परंतु त्यांचे पहिले नियोजित स्थळ होते दाजीपूर, म्हणजे १९५८ पासूनचे राधानगरी अभयारण्य, जेथे गवे राहतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३१: वरिष्ठ वनाधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश निषिद्ध, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' या सदरात धनुष्यबाण, दारूगोळा, विष, सापळे यांच्या जोडीने चाकूही नमूद आहे. सारांश, अरण्यात जीव जगविण्यासाठी घ्यावयाची सुरी अरण्याबाहेर ठेवूनच अरण्यात जावे लागते. हा शेरा मी तात्काळ कळविला. 'तरीही असावी' असे उत्तर आले.

मग एका रविवारी आम्ही उभयता लोहाराच्या भट्टीवर गेलो. भात्याची जागा आता विजेच्या पंख्याने घेतली आहे. ऐरण मात्र जुनीच. कोपऱ्यात मोडीत निघालेल्या मालमोटारींच्या कमानपाट्यांची चळत होती. खड्ड्यांचे धक्के वर्षानुवर्षे सोसून न मोडणाऱ्या त्या पोलादात शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक कार्बन असतो, म्हणून ते कोयत्याला मानवते.

"रॉकवेल किती येईल?" भाच्यांनी विचारले.

"रॉकेल न्हाई वापरत, सायेब. दगडी कोळसा."

यावर भाचे काही वेळ स्तब्ध राहिले. लोहाराने तेवढ्यात पाट्याचा तुकडा घणाखाली ताणून पाते केले, कानशीने घासून रूपास आणले, पुन्हा भट्टीत सारले आणि ते पळसाच्या फुलासारखे झाले तसे सांडशीत धरून केवळ धारेकडची दोन बोटे रुंदी पाण्यात बुडविली. चर्रकन आवाज झाला. लगेच बाहेर काढून त्याने एक अंग दगडाने घासून उजळ केले, आणि आम्हांस जवळ बोलाविले. पाठीकडे दडून राहिलेली धग धारेकडे उतरू लागली तशी त्या उजळ पट्ट्यावर रंगांची मिरवणूक निघाली: अगोदर वाळल्या गवताचा पिवळा, त्यामागे तपकिरी, त्यामागे जांभळा. तपकिरी धारेला टेकला मात्र, पाते समूळ पाण्यात गेले.

"पिवळ्यावर गार केलं तर दगडावर टवका उडतोय, निळ्यापत्तूर थांबलं तर धार वळतीया," तो म्हणाला. "आता सांगा रावसाहेब, तुमास्नी तोडायचं हाय का सोलायचं?"

भाच्यांनी पुण्यात बसून ज्या ज्ञानासाठी रात्रीच्या रात्री जागविल्या होत्या, त्याचा गाभा हा असा दोन वाक्यांत बाहेर पडला; आणि प्रयोजनाचा तो रकाना, जो मी मामा या नात्याने मोकळा सोडला होता, तो लोहाराने भरून मागितला. भाच्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ऐरणीकडे पाहिले.

वास्तविक जीव वाचविणाऱ्या पात्याचे प्रात्यक्षिक आमच्या गावाने २०१९ च्या ऑगस्टात पाहिले आहे. त्या साली पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून पंचावन्न फुटांची मजल मारली. इकडे संगमावर तुडुंब कृष्णा तिला पुढे सरकू देईना. आणि पाणी, जे नेहमी नदीकडे जाते, ते नदीकडून गावात येऊ लागले. आमच्या मागच्या आळीतील एका गोठ्यात म्हशी पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. दावी नायलॉनची, भिजलेली, आणि भ्यालेल्या जनावराने हिसके देऊन गाठी अशा आवळलेल्या, की त्या सोडविण्यास मनुष्याची नखे सर्वस्वी असमर्थ. एक शहाणा गुळगुळीत धारेचा परदेशी चाकू घेऊन धावला. पण आरशासारखी घासलेली धार ओल्या नायलॉनवरून नुसती घसरत राहिली. तेव्हा घरच्या म्हातारीने आढ्याला खोचलेले खुरपे ओढले, ज्याला धार म्हणून जे काही होते ते उंबऱ्याच्या दगडावर घासून आलेले, खडबडीत. आणि त्या खडबडीतपणाचे अदृश्य दात दोराच्या तंतूंत रुतून दोन ओढींत दावे तुटले. म्हशी पोहत निघाल्या. म्हातारी खुरपे कमरेला खोचून त्यांच्या मागे. त्या खुरप्याचे काठिण्य कोणी मोजले नाही.

ही हकीकत मी भाच्यांस ऐरणीपाशीच सांगितली, आणि त्यांच्या गुणग्राहकतेस धरून हेही सांगितले पाहिजे की त्यांनी ती लिहून घेतली. सुरी तयार झाली: बाभळीची मूठ, तांब्याच्या दोन खिळ्यांनी जखडलेली, धार खडबडीत दगडावरची, म्यान कोल्हापुरास चपला शिवणाऱ्या कारागिराकडून. खंडेनवमीला ती विळी, अडकित्ता व माझी जुनी रूळपट्टी यांच्या मांडणीत बसली, आणि दसरा उलटताच सौ.ने तिच्यावर कृष्णाकाठची वांगी चिरली. दुसऱ्या दिवशी पात्यावर काळेनिळे डाग.

"गंजली की रे तुझी सुरी," ती म्हणाली.

"मामी, हा गंज नव्हे. पॅटिना आहे. हा यायलाच हवा होता!" भाच्यांचा चेहरा पुत्रजन्माची वार्ता ऐकल्यासारखा उजळला.

दाजीपूरला ते कायदा पाळून सुरीवाचून जाऊन आले. गव्यांनी दुरून दर्शन दिले व कापण्याचा प्रसंग आला नाही. सुरी सध्या आमच्याच स्वयंपाकघरात आहे, आणि सौ. विळीकडे ढुंकून पाहत नाही. भाच्यांनी आता संकटकाळी उपयोगी पडणाऱ्या दोराची चौकशी आरंभिली आहे. मी कळविले की बाजारात दावी मिळतात, म्हैस तोडू शकत नाही, हवे असल्यास एक पाठवितो. त्यावर उलट टपाली जाब आला: 'म्हशीचे वजन किलोग्रॅममध्ये कळवावे.'