पलंगाखालच्या तीन चाव्या

मोटरहोमच्या मालकांना,

नमस्कार. आधी ‘सप्रेम’ लिहायची माझी सवय आहे, आज तो शब्द मुद्दाम गाळला आहे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही दोनदा माझं बोलणं अर्ध्यावर तोडलंत आणि तुमची गाडी भाड्याने घेणारी बहुतेक माणसं आपल्या मंडळातलीच आहेत. नाव लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल.

जूनमध्ये आम्ही डेन्व्हरहून तुमची गाडी घेऊन यलोस्टोनला गेलो. बरोबर साताऱ्याहून आलेली माझी आई होती. वय ७४, दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले. ती आंघोळ केल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही, हे गाडी ठरवतानाच तुम्हाला सांगितलं होतं. “गरम पाण्याची काळजीच सोडा, ताई,” असं म्हणून तुम्ही यादीत वॉटर हीटरपुढे बरोबरची खूण केलीत. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिजचा तळ साडेसात हजार फुटांच्या वर आहे. तिथे अस्वलांमुळे तंबू लावूच देत नाहीत, टणक भिंतींची गाडीच लागते. जून असला तरी पहाटे पारा शून्यापाशी असतो. तशा पहाटे मी गरम पाण्याचा नळ सोडला. पाण्याला जोर चांगला होता, पण ते बर्फासारखं गार. गॅसचं बटण दाबलं. बाहेरच्या झाकणामागे बर्नर फुर्रकन पेटला आणि थोड्याच वेळात आपोआप बंद पडला. तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, “थोडा वेळ लागतोच. विजेचं बटणही दाबून ठेवा.” मी दाबलं.

तेवढ्यात आईने न सांगता गार पाण्याने आंघोळ उरकली होती. बाहेर आली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती आणि साडीची पिन तिला लावता येत नव्हती. ती मी लावली. त्या दिवशी ती गाडीतून उतरलीच नाही. ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा बघायला सात समुद्र ओलांडून आलेली बाई दिवसभर गुडघ्यांना शेकत बसली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतल्या एका वयस्क गृहस्थांनी हीटरचं बाहेरचं झाकण उघडलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलली. पाण्याचा एक थेंब आला नाही, नुसती हवा फुसफुसली. टाकी कोरडी होती. त्यांनी विचारलं, “पलंगाखाली पाहिलंत का?” फळी उचलली तर मागच्या भिंतीशी तीन चाव्या. मधली पाईपच्या रेषेत, म्हणजे चालू. वरची आणि खालची आडव्या, म्हणजे बंद.

हिवाळ्यात गाडी उभी करताना पाईप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरतात. २३ लिटरच्या टाकीत ते वाया जाऊ नये म्हणून टाकी रिकामी करून या चाव्यांनी तिला वगळतात. तिथवरचं काम तुम्ही चोख केलं होतंत. वसंतात चाव्या परत फिरवायच्या, एवढंच राहिलं. म्हणून गार पाणी मधल्या वाटेने थेट गरम नळात येत होतं आणि बर्नर रिकामं भांडं तापवत होता. तुमच्या सांगण्यावरून मी वीज लावली ती त्याच कोरड्या टाकीला. गिझरची कॉइल पाण्याबाहेर काही क्षणांत जळते, हे साताऱ्यातला कुठलाही वायरमन सांगेल. फोनवर मला एकच प्रश्न विचारायचा होतात: टाकीत पाणी आहे का?

चाव्या फिरवल्या तशी टाकी गुडगुडत भरू लागली. नळ आधी हवा थुंकला, मग सलग वाहू लागला. गॅस लावून अर्धा तास थांबलो. तरी पाणी कोमटच. पुन्हा शोधाशोध. शेवटी गाडीच्या बाहेरच्या अंगाला कप्प्यात शॉवर सापडला. त्याचे गरम आणि गार दोन्ही नळ पूर्ण उघडे, फक्त टोकाचं बटण बंद. बाहेर पाणी गळत नव्हतं, पण आत गार पाणी गरम पाण्याच्या पाईपात घुसत होतं. हिवाळ्यात पाणी काढून टाकायला उघडलेले नळ तसेच राहिले होते. ते बंद केले आणि पाच मिनिटांत नळाखाली हात धरवेना.

आईने त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ केली.

गाडी परत केली तेव्हा तुम्ही कॉइल तपासलीत, जळाली म्हणालात आणि आमच्या डिपॉझिटमधून १८० डॉलर कापलेत. कारण लिहिलंत, ‘वापरणाऱ्याची चूक’. ते वाचून मी तुम्हाला बरोबरची खूण केलेला कागद दाखवला. तुम्ही तो हातातसुद्धा घेतला नाहीत. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. विसरतो माणूस, आपण सगळेच विसरतो. पण न पाहता खूण करणं ही विसरण्याची गोष्ट नाही, आणि स्वतःच्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या आईच्या थंडीवर लावणं तर मुळीच नाही.

१८० डॉलर परत करा. पुढच्या शनिवारी तुमची गाडी आणखी एक कुटुंब नेणार आहे, त्यांच्याकडे आठ महिन्यांचं बाळ आहे, हे मला कळलं आहे. जळलेली कॉइल बदलली की नाही, ते त्यांना आधी सांगा. कप्प्यातले दोन्ही नळ पिळून बघा. फळी उचला, चाव्यांवर हात ठेवा आणि मगच यादीवर खूण करा.