खटकापरीक्षण : एक अल्पमीमांसा

विषय जितका लहान तितके मंगलाचरण मोठे असावे, असा विद्वानांचा संकेत आहे. जागेअभावी तो येथे मोडावा लागत आहे. प्रस्तुत प्रबंधाचा विषय लिनक्स कर्नलमधला दोनशेहून थोड्या अधिक ओळींचा एक ड्रायव्हर आणि त्याच्या परीक्षकाने डोळे नेमके कुठे फिरवावेत हा आहे. ड्रायव्हरचे नाव ‘इंटेल एक्सएचसीआय यूएसबी रोल स्विच’. २०१८ साली ४.१७ या आवृत्तीत तो कर्नलमध्ये दाखल झाला. काम एवढेच, की चेरी ट्रेलसारख्या इंटेल चिपमध्ये एकाच यूएसबी पोर्टामागे दोन कंट्रोलर बसलेले असतात. एक यजमानाचा, म्हणजे पेन ड्राइव्ह, कीबोर्ड वगैरे पाहुण्यांची सरबराई करणारा. दुसरा ती चिप बसवलेल्या टॅबलेटलाच दुसऱ्या संगणकाचा पाहुणा बनवणारा. पोर्टाच्या डेटा-तारा यांपैकी कोणाच्या पदरात टाकायच्या ते ठरवणारा खटका चिपच्या पोटात आहे, आणि ड्रायव्हर तो दाबतो.

आता हा खटका दाबतात कसा, ते पाहणे मनोरंजक आहे. मायक्रो यूएसबीच्या खोबणीत पाच पिना असतात. चौथीचे नाव ‘आयडी’. ती ग्राउंडला टेकली तर हे यंत्र यजमान, मोकळी राहिली तर पाहुणा, असा साधा व्यवहार. आमचा ड्रायव्हर या पिनेची वाट पाहत बसत नाही. तो एका रजिस्टरातला २१ वा बिट चढवून कंट्रोलरला बजावतो, की खऱ्या पिनेकडे लक्ष देऊ नकोस, मी सांगेन ती पिन; मग २० व्या बिटाने कल्पित पिन वर किंवा खाली असल्याचे सांगतो; आणि पाहुणा व्हायचे असेल तर २४ व्या बिटाने समोरून वीज आल्याचीही ग्वाही देतो. यानंतर दुसऱ्या रजिस्टरातला २९ वा बिट बदलण्याची वाट पाहायची. कोडातल्याच टिपणीप्रमाणे याला बहुधा ६०० मिलिसेकंद लागतात. हजार मिलिसेकंद उलटूनही बदल झाला नाही, तर इशारा छापून कालबाह्यतेची चूक परत करायची.

एवढी खोटी साक्ष परीक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते. त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ओळीच्या शेवटी एक मोकळी स्पेस राहिली, तर मात्र काढतो.

हे दोषशास्त्र लिखित आहे. ‘चेकपॅच’ नावाची पर्ल भाषेतली स्क्रिप्ट पॅच, म्हणजे कोडातल्या प्रस्तावित बदलाचा मजकूर, वाचून दोषांचे तीन वर्ग पाडते: एरर, वॉर्निंग आणि चेक. आमच्या धर्मशास्त्रकारांनी महापातक, उपपातक आणि प्रकीर्णक असे जे वर्ग पाडले, त्यांच्याशी हे इतके जुळते की परस्परांचा परिचय नसावा याचेच आश्चर्य वाटते. तिसरा वर्ग तर आपण होऊन ‘स्ट्रिक्ट’ म्हटल्याशिवाय दाखवलाही जात नाही. ज्याला पाप मोजून घ्यायची हौस असेल त्याच्यासाठीच तो आहे. प्रायश्चित्त म्हणजे पॅचची पुढची आवृत्ती. मागच्या खेपेपासून काय सुधारले ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचे असते, आणि पॅच स्वीकारताना रेघांखालचा मजकूर गिट आपोआप गाळून टाकतो. इतकी सुटसुटीत पापमुक्ती इतर कुठल्याही संप्रदायात आढळत नाही.

टॅबची रुंदी आठ अक्षरे. ती चार करू पाहणाऱ्यांची गणना कर्नलचा शैलीग्रंथ पाय या संख्येची किंमत तीन ठरवू पाहणाऱ्यांत करतो. ओळीची मर्यादा ऐंशी अक्षरे. हिचे मूळ शोधत गेल्यास आपण १९२८ सालच्या आयबीएमच्या ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डापाशी पोहोचतो. म्हणजे टॅबलेटमधल्या खटक्याची ओळ कुठे मोडावी, हे पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने ठरवले. २०२० साली लिनस टोरवाल्ड्स यांच्या संमतीने चेकपॅचची ही सीमा शंभरावर गेली. ऐंशीची पसंती शैलीग्रंथात तशीच राहिली, त्यामुळे ८१ ते १०० हा प्रदेश आज कायदेशीर पण अप्रतिष्ठित आहे. त्या प्रदेशात वस्ती करणाऱ्या ओळींविषयी परीक्षकाचे मत त्याच्या वयावरून सांगता येते.

परवान्याची ओळ हा आणखी एक प्रांत. ती फाइलीच्या अगदी माथ्यावर हवी. सी फाइलीत दोन तिरप्या रेघांच्या टिपणीत, हेडर फाइलीत मात्र तारांकित टिपणीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटेल. कारण मात्र चोख आहे: हेडर कधी असेम्ब्लरच्याही हातात जातात, आणि काही जुन्या साधनांना दोन तिरप्या रेघा पचत नसत.

कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मथळ्यात आज्ञार्थ वापरावा, असाही नियम आहे. ‘जोडले’ नव्हे, ‘जोडतो’ नव्हे, ‘जोड’. जणू आपण कोडाला हुकूम देत आहोत अशा थाटात लिहा, असे कर्नलची मार्गदर्शिका सांगते. आमच्या वैयाकरणांना सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याचा आनंद होत असे. त्या घराण्याची एक शाखा इकडे स्थलांतरित झाली असावी.

यावर पूर्वपक्ष ठरलेला आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली लिहून ठेवले, की समिती अणुभट्टीचा कोटीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालते. कारण शेड सगळ्यांना कळते. तेव्हा परीक्षकही स्पेस मोजतो, कारण त्याला स्पेस कळते. हा पूर्वपक्ष आम्हास मान्य नाही. अणुभट्टी समितीला कळत नव्हती. आमच्या परीक्षकाला रजिस्टरे उत्तम कळतात. त्याची अडचण निराळी आहे. त्याच्या टेबलावर तो टॅबलेट नसतो. २९ वा बिट खरोखर बदलतो का, ६०० मिलिसेकंदांत की साडेसहाशे, हे त्याने कागदावर कसे पडताळावे? स्पेस मात्र कागदावर असते. पडताळता येईल तेवढेच बोलावे, हा न्यायशास्त्राचा संयम तो पाळतो, आणि लोक त्याला किरकिरा म्हणतात.

कर्नलच्या कारभाराला हे ठाऊक आहे. म्हणून तिथे ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ असे दोन निराळे शिक्के आहेत. पहिल्या शिक्क्याच्या अधिकृत प्रतिज्ञेत परीक्षक म्हणतो, की मला हे योग्य वाटते, पण हे अपेक्षित काम करीलच अशी हमी मी देत नाही. इतका प्रामाणिक दाखला आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

न दिसणाऱ्या गोष्टीचे एक उदाहरण याच ड्रायव्हरात आहे. रजिस्टराला हात लावण्याआधी तो एसीपीआयचे, म्हणजे कर्नल आणि फर्मवेअर यांच्यातल्या व्यवहाराचे, जागतिक कुलूप घेतो, तेही मिळेपर्यंत अनंत काळ थांबण्याची तयारी ठेवून. का? तर बऱ्याच चेरी ट्रेल यंत्रांत फर्मवेअरमधला प्रोग्रामही आपल्या परीने तेच रजिस्टर वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. दोघांची वेळ जुळली तर एकाने लिहिलेले दुसरा पुसणार. आता हा फर्मवेअरचा मजकूर पॅचमध्ये नाही, कर्नलच्या कोडात कुठेच नाही. तो त्या-त्या टॅबलेटच्या पोटात आहे. कुलुपाची ओळ गाळून उरलेला पॅच परीक्षकापुढे ठेवला, तर तो सर्वांगसुंदर दिसेल. चेकपॅच त्यावर एकही दोष काढणार नाही.

उलट दिशेने, वाट पाहण्याच्या फेऱ्यात दर वेळी पाच ते दहा हजार मायक्रोसेकंद झोपावे असे लिहिले आहे, आणि नवख्याला ही अनिश्चितता आळस वाटते. वस्तुतः दोन टोके दिल्याने कर्नलला जागे होण्याच्या वेळा एकत्र करता येतात. वीस मिलिसेकंदांहून कमी झोपेसाठी जुने फंक्शन वापरल्यास झोप वीसपर्यंत लांबू शकते, असे चेकपॅचही बजावते. येथे क्षुल्लक दोष आणि गंभीर दोष एकाच ओळीत राहतात.

शेवटचा मुद्दा वापरकर्त्याच्या शब्दांचा. भूमिका बदलण्यासाठी सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइल-व्यवस्थेतल्या ‘रोल’ या फाइलीत ‘होस्ट’, ‘डिव्हाइस’ किंवा ‘नन’ यांपैकी एक शब्द लिहायचा. यापैकी काहीच जुळले नाही, तर कोड लगेच चूक म्हणत नाही. आधी तपासतो, की हा ‘नाही’चा एखादा प्रकार आहे का. ‘एन’ लिहा, शून्य लिहा, ‘ऑफ’ लिहा. सगळे ‘नन’ म्हणून गोड मानले जाते. ‘वाय’, एक किंवा ‘ऑन’ लिहिलेत, तर मात्र अवैध मूल्याची चूक परत येते. नकाराला इतकी तोंडे आणि होकाराला एकही नाही, हा पक्षपात असल्याचा आक्षेप कुणी घेईल. आम्ही कोडाच्या बाजूचे आहोत. यजमान व्हायचे की पाहुणा, या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर होत नाही.