शांत खोलीवाल्या गुरुजींस अनावृत पत्र

रा. रा. गुरुजींच्या सेवेशी,
नरखेड तालुक्यातून सा. न. वि. वि.

घरी स्टुडिओ थाटण्याचा आपला पहिला धडा शिरसावंद्य: ‘घरातली सर्वांत शांत खोली निवडा.’ निवडली. धान्याची मागची खोली. एका भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, दुसरीपलीकडे गोठा, डोक्यावर टिनाचं छप्पर. खिडकीखाली मृग बहाराची संत्री क्रेटात भरली जातात आणि व्यापाऱ्याशी भावावरून जुंपते. यांपैकी कोणाला गप्प करायचं, हे आपण सांगितलं नाही.

मग आपला लाडका कंडेन्सर माईक. ४८ व्होल्ट मिळताच त्याला असे तिखट कान आले की आमच्या खंजिरी भजन मंडळाचे बुवा बाजूला राहिले. नरखेड जंक्शन दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. शिवाय अमरावतीकडची गाडीही इथेच येऊन मिळते. मालगाडीचा भोंगा काय सुरेख टिपला त्यानं!

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायची आपली सूचना माळकरी आजीपुढे मांडून पाहिली. त्यानंतर जे झालं तेही रेकॉर्ड झालं आहे. बरं, ट्रेनं आवाज अडतही नाही. फार तर खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा किंचित मोडतो. बाहेरचा आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं. आमच्या मातीच्या जाड भिंतीला ते होतं, टिनाला नव्हतं. घुमाऱ्यासाठी घरातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर टांगल्या. पाहुणे आले की स्टुडिओ अंथरला जातो.

कूलर बंद करा म्हणालात. मे महिन्यात? नागपूर जिल्ह्यात? आजीचा तिथल्या तिथे सवाल: “कूलर कायले बंद केला रे? जीव घेतं का मंडळाचा?” मंडळाचं एकमत आजीशी.

शेवटी लग्नाच्या बँडवाल्याकडचा जुना डायनॅमिक माईक आणला आणि बुवांच्या तोंडाशी धरला. अंतर निम्मं केलं की गळा साधारण ६ डेसिबलनं चढतो. स्वयंपाकघरातला कुकर आपल्या जागी तेवढाच राहतो. एवढं एक वाक्य पहिल्या धड्यात घातलं असतंत तर! खंजिरी मात्र दोन हात लांब बसवावी लागते, नाहीतर तिच्या चकत्या बुवांना गिळतात. आणि खोलीचंच म्हणाल, तर १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज हॉटेलच्या खोलीत टिपला गेला. १९४८ साली गाजलेलं गिटारवादक लेस पॉलचं ‘लव्हर’ त्याच्या गॅरेजात झालं. त्यांना आपला पहिला धडा कोणी दिला नव्हता, हे त्यांचं नशीब.

आता मंडळ तयार आहे, गोधड्या मोकळ्या आहेत. तेवढ्यात लाईन गेली. ती येईपर्यंत आपल्या त्या शांत खोलीचं महिन्याचं भाडं काय, तेवढं कळवावं. मंडळात चौदा जण आहेत आणि चहा दर तासाला लागतो.

आपला आज्ञाधारक,
धान्याच्या खोलीतला साऊंड इंजिनिअर