जाझचे कानसेन

जाझच्या दर्दी माणसाकडे संगीत ऐकायला जाऊ नये, तबकडीची वंशावळ ऐकायला जावं. ती कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात दाबली हे सांगून झाल्याखेरीज सुई खाली उतरत नाही.

माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ची. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने फिरवून काढलेल्या तबकडीची पहिली बाजू जराशी जलद, चढ्या सुरात वाजते. हे दुरुस्त व्हायला १९९२ साल उजाडलं. तोवरची तीसेक वर्षं तमाम कानसेन डोळे मिटून माना डोलवत होते. आता मोठी किंमत कशाला, तर त्या जुन्या, चढ्या सुराच्याच प्रतीला!

मैफलीत यांचं काम एकच : सोलो संपताच शेजाऱ्याच्या आधी टाळी वाजवणं. मध्यंतरात बिअर, आणि हिंदी सिनेसंगीताला नाक मुरडणं. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट (खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ) मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सी. रामचंद्रांच्या संगीतातही तोच वाजवायचा. पण ताजमध्ये वाजलं की ते जाझ, आणि भगवानदादा त्यावर नाचले की उडतं गाणं!

भगवानदादांचा १९५१चा 'अलबेला' सिनेमा काढून बघा. चिक आपल्या बँडसकट पडद्यावरही आहे. त्याला दाद द्यायला तबकडीचा कारखाना ठाऊक असावा लागत नाही.