शॉकअपवाले काकाजी

नागपूरच्या इतवारीत कोणाच्या दारी नवी कार आली की लोक पेढे मागतात. काकाजी डिक्की दाबून पाहतात. दोन्ही हातांनी दाबायची, झटकन सोडायची आणि मान तिरपी करून बघत राहायचं. गाडी एकदा वर येऊन गप बसली तर ठीक. दोनदा-तीनदा झुलली, तर मालकाकडे अशा नजरेनं पाहायचं की त्याच्याच रक्ताचा रिपोर्ट वाईट आलाय.

असे काकाजी मस्कासाथपासून शहीद चौकापर्यंत गल्लीगणिक एक तरी सापडतात. दुकानाची गादी मुलानं सांभाळलेली, बनियनवर ग्रीसचा डाग आणि दारात एमएच ३१ ची मारुती ८००. कंपनीनं हे मॉडेल २०१४ मध्ये बंद केलं. काकाजींच्या मते घाईच केली. १५ वर्षांची नोंदणी संपल्यापासून दर ५ वर्षांनी आरटीओत जाऊन ते तिची मुदत वाढवून आणतात. त्या दिवशी घरी गोडधोड असतं.

यंदा याच गाडीच्या मागच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. गल्लीतल्या पोट्ट्यांना जमवून काकाजींनी आधी शास्त्र समजावलं. "वजन स्प्रिंग झेलते. शॉकअपचं काम तिचं नाचणं थांबवायचं. अंदर दट्ट्या असते, तो तेलाले बारक्या भोकातून दाबते. धक्का तिथंच जिरते, न तेल गरम होते."

"तुम्ही तर धक्क्याच्या आधीच गरम होता जी," दारातून काकू.

गॅरेजचा विषय निघाला नाही. जिरं, सळई, चांदी यांचा ठोक भाव तोंडपाठ असलेल्या माणसाला मजुरी ही वस्तूच संशयास्पद वाटते. तिला ना वजन, ना माप, ना मूठभर हातात घेऊन नमुना पाहायची सोय.

शॉकअप मात्र विकत घ्यावेच लागतात, आणि एक फुटला तरी जोडीनंच. नाहीतर गाडीची एक बाजू शहाणी नि दुसरी अवखळ होते. दुकानदारानं भाव सांगितला. काकाजी म्हणाले, "डझनाचा सांग, घेईन जोडीच." तो मेटाकुटीला आला तेव्हा डब्यावरचं 'गॅब्रिएल' हे नाव दाखवून त्यालाच इतिहास ऐकवला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर. त्यानं आधी मोटारींचे भोंगे बनवले आणि नंतर धक्के जिरवण्याचा धंदा काढला. आपल्याकडे गॅब्रिएल आली ती १९६१ साली. "आधी हॉर्न, मंग शॉकअप," काकाजी म्हणाले, "त्यानं इतवारी पाह्यली असन बापा!"

रविवारी सकाळी गल्ली अडली. गाडीचं मागचं अंग उचलायचं म्हणजे हँडब्रेक कुचकामी, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. म्हणून पुढच्या चाकांना अटकाव हवा. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून दुकानाच्या कोपऱ्यात बेकार पडलेली लोखंडी मापं काकाजींनी चाकांच्या पुढे-मागे ठेवली. जॅकनं गाडी उचलून घोड्यांवर बसवली. काढलेली चाकंही कडेनं गाडीखाली सरकवून ठेवली. "जॅक उचलाले असते, भरवशाले नाही." या बाबतीत काकाजींचा हिशेब चोख.

मग आला खालचा बोल्ट. आदल्या रात्री त्याला गंज सोडवायचं तेल पाजलं होतं, तरी तो हलेना. पान्याला पाइप जोडून लांब केला. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं टॉर्च धरला, समोरच्या वहिनींनी सांडशी आणून दिली, आणि रविवारची एकुलती फेरी मारायला निघालेला ठेलेवाला ठेला टाकून पाइपाला लोंबकळला. बोल्ट 'कट्ट' वाजून सुटला तेव्हा गल्लीत टाळ्या पडल्या. तर्री पोह्याची दुसरी परात आली.

नवा शॉकअप बसला. पोरानं जोरात बोल्ट कसायला घेतला तशी काकाजींनी आरोळी ठोकली, "हवेत कसू नको बे! बुश रबरी हाय. गाडी खाली येऊ दे, वजन पडू दे, मंग कस. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलंच राहते." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हे कोणी सांगितलं नव्हतं. पोरानं मोबाइल काढून टिपून घेतलं.

संध्याकाळी काकाजींनी जमाखर्च मांडला. शॉकअप जोडी, घोड्या, पाइप, तेल. आणि शेवटी, अधोरेखित करून: मजुरी, शून्य. पोहे घरखर्चात गेले, ठेलेवाल्याची बुडालेली फेरी कुठंच नाही. जुने शॉकअप त्यांनी पलंगाखाली जपून ठेवले. "तान्ह्या पोळ्याले बडग्यासंगं जाळाले पाठवून द्या," असं काकूंनी सुचवून पाहिलं.

चाचणीला निघाले ते शहीद चौकापर्यंत. पुढे पोत्यांचा टेम्पो, बाजूला हातठेले, मागे रिक्षा. पायी चालणारे पुढे निघून जात होते. एवढ्या बेतानं चालणाऱ्या गाडीला शॉकअप नसते तरी कळलं नसतं. तरी काकाजी परतले ते समाधानानं: "लोण्यावानी चालली."

आता गल्लीभरच्या जुन्या गाड्यांच्या डिक्क्या दाबून झाल्या आहेत. पुढच्या शॉकअपला मात्र ते हात लावत नाहीत. "तिथं स्प्रिंग दाबून धरलेली असते. सुटली त माणूस जाते. थे गॅरेजचं काम." मागचे असतील तर रविवारी या.

परवा ठेलेवाल्यानं त्यांना गाठलं. "काकाजी, आता हात लावाचे पैसे लागतीन."

"किती?"

"एका गाडीचे दोनशे."

काकाजींचा चेहरा खुलला. ते ठेल्याला टेकून उभे राहिले नि म्हणाले, "न चार गाड्यायचे?"