एका म्यानात दोन सुऱ्या

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीच्या कारभाऱ्यांचा १८२९ सालचा निर्णय प्रत्येक रुग्णालयाने चौकटीत लावावा. जेम्स साइम हा तिशीचा सर्जन तिथे जागा मागायला आला. सहा वर्षांपूर्वी, भूल देण्याची सोय नसताना, त्याने एका रुग्णाचा पाय थेट खुब्यातून जेमतेम मिनिटभरात कापला होता. मदतीला दूरचा भाऊ रॉबर्ट लिस्टन होता. एवढी कर्तबगारी नकाराला पुरेशी होती. लिस्टन आता इन्फर्मरीत सर्जन होता आणि एव्हाना भावाभावांचे फाटले होते. वॉर्डात भांडतील, ही कारभाऱ्यांना भीती.

केवढी दूरदृष्टी! टेबलावर बांधलेल्या, शुद्धीतल्या रुग्णाने बोंब मारली तर हरकत नाही, सर्जनांचा आवाज मात्र चढता कामा नये. हेच धोरण पुढे न्यावे. ज्याचा कुणालाही हेवा वाटत नाही असाच सर्जन नेमावा आणि अर्जासोबत तसे प्रतिस्पर्ध्याच्या सहीचे प्रमाणपत्र मागावे.

साइमने मग मिंटो हाउसमध्ये स्वतःचेच रुग्णालय काढले. १८३३ मध्ये क्लिनिकल सर्जरीचे प्राध्यापकपदही लिस्टनला न मिळता त्याला मिळाले. मावळत्या प्राध्यापकाला वर्षाला ३०० पौंड द्यायचे त्याने कबूल केले होते; गुणवत्तेला थोडा टेकू लागतोच. लिस्टन लंडनला गेला. १८४७ मध्ये तो वारला आणि त्याच्या तिथल्या प्राध्यापकाच्या खुर्चीवर बोलावणे आले ते साइमला. आता भांडायला लिस्टनही उरला नव्हता.

काही महिन्यांतच तिथल्या भांडणांना कंटाळून साइम एडिंबरोला परतला.